गरी कुठे टाकायची?

सुट्टीवर आलेला माणूस मासे गरवायची जागा डोळ्यांनी निवडतो. समोर मावळतीचं आकाश हवं, पाठीशी माडाची सावली हवी, टेकायला सपाट दगड हवा, आणि जमलंच तर चहाची टपरी हाकेच्या अंतरावर हवी. यातलं माशाला काहीही नको असतं. त्याला वाहतं पाणी हवं, लपायला आडोसा हवा आणि कुणीतरी आपल्याहून लहान हवं. त्यामुळे फोटोत उत्तम दिसणाऱ्या जागी दिवसभर गळ टाकून बसलेली माणसं दिसतात, आणि शंभर पावलांवर, चिखलात गुडघाभर उभा असलेला एखादा पोरगा पिशवी भरून घरी जातो.

देवबागला ही निवड उंबऱ्यातच सुरू होते. मालवणहून दक्षिणेला तारकर्ली ओलांडली की जमीन निमुळती होत जाते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि दोघांच्या मधे माड, घरं आणि एक रस्ता, बस्स. पुढे टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगवे. न्याहारी-निवासाच्या पडवीत तंगूस आणि गऱ्या घेऊन उभं राहायचं आणि ठरवायचं, लाटांकडे जायचं की खाडीकडे. दोन्हीकडे चालायला काही मिनिटंच लागतात. नवखा माणूस सहसा लाटांकडे जातो, कारण समुद्र आवाज करतो.

समुद्राकडची वाळू वाटते तितकी वांझ नसते. मुडदुशी तिथेच चरते, वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी टिपत. फक्त किनाऱ्यावर कुठेही उभं राहून चालत नाही. लाटा सगळीकडे फुटत असतात आणि मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी तिथे काळपट आणि शांत दिसतं. तो पट्टा खोल असतो. लाटांनी आत आणून टाकलेलं पाणी त्याच वाटेनं समुद्राकडे परततं आणि उकरलेला सगळा खाऊ सोबत नेतं. पोहणाऱ्यानं जिथे पाऊल टाकू नये, नेमकी तिथे गरी टाकावी. या एका बाबतीत पर्यटकाची नजर बरोबर उलटी चालते: शांत पाणी दिसलं की तो मुलांना घेऊन तिथेच उतरतो.

खाडीकडे गेलं की वेगळी फसगत. संध्याकाळी पाण्यातून चांदीच्या पट्ट्यांसारखे मासे उसळ्या मारताना दिसतात आणि नवखा हरखून जातो. ते बहुतेक वेळा शेवटे असतात, म्हणजे मुंबईकडचे बोय. शेवाळ आणि गाळातलं सूक्ष्म अन्न खाणारा हा मासा. कोळंबीच्या तुकड्याकडे तो सहसा ढुंकूनही बघत नाही. त्याला पाग लागतो. पाग फेकणारा माणूस एकदा जवळून बघावा: जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक खांद्यावर, शिशाच्या गोळ्यांची कडा दोन्ही हातांत वाटलेली, कंबरेतून एक गिरकी, आणि जाळं हवेतच पूर्ण गोल होऊन पाण्यावर पडतं. गोळ्या एकाच वेळी पाण्याला लागल्याचा एक सरसर आवाज येतो. तो आवाज तुकड्यातुकड्यांनी आला तर मासे केव्हाच पसार. तेव्हा उसळणारे मासे बघून जागा ठरवणं म्हणजे केवळ आशा. खाडीत गरीला लागणारे मासे दिसत नाहीत. तांबोशी कांदळवनाच्या मुळांत, पुलाच्या खांबाआड, बुडालेल्या ओंडक्यामागे दबा धरून असते. चोणकही तसाच, कडेकडेनं फिरणारा. (चोणक जन्मतो नर आणि मोठेपणी मादी होतो, त्यामुळे ताटातल्या मोठ्या चोणकाची चौकशी ‘ती’ म्हणून करणंच योग्य.)

खरी जागा मात्र टोकाला, संगमावर. दोन बाजूंची पाणी तिथे एकमेकांत सहज मिसळत नाहीत. ओहोटी लागली की खाडीचं हिरवट, गढूळ पाणी बाहेर पडतं आणि समुद्राच्या निळसर पाण्याला घासत जातं. मधे फेसाची, पानांची, काटक्यांची एक रेघ उभी राहते. कांदळवनात भरतीला चरायला शिरलेली कोळंबी आणि माशांची बारीक पिल्लं या ओढीबरोबर बाहेर येतात आणि मोठे मासे त्या रेघेच्या समुद्राकडच्या अंगाला वाट बघत असतात. गरी टाकायची ती रेघेवर, आणि पाण्यानं ती आपोआप न्यावी इतकंच शिसं बांधायचं. जड शिसं बांधून गरी तळाशी रोवून ठेवली तर शेंगट्या आणि केंडच येणार.

केंडाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण जागा चुकल्याची पावती तोच आणून देतो. तंगूस बारीक थरथरतं, ओढ अशी नसतेच, आणि वर काढावं तर गरी गायब, टोक कात्रीनं कापल्यासारखं साफ. कधी पठ्ठ्या स्वतःच वर येतो: चार दात जुळून झालेली चोच, गोल डोळे, पांढरं पोट. हातात घेतला की फुगत जातो आणि दात करकर वाजवतो. त्याच्या अंगात विष असतं, तेव्हा बोटं चोचीपासून लांब ठेवून त्याला पाण्यात सोडायचा आणि जागा बदलायची.

संगमावर दिवस चढला की वेगळंच राज्य सुरू होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं लोक सांगतात तो वाळूचा दांडा, त्याभोवती खेळाच्या होड्या, जेटस्की, भोंगे. तेव्हा पहाट गाठावी लागते. आणि इथे गोष्ट जागेवरून वेळेवर येते. भर ओहोटीला जो कोपरा माशांनी भरलेला असतो, तोच पाणी थांबल्यावर नुसता देखावा उरतो. आमचे यजमान पडवीत सुपारी कातरता कातरता एवढंच म्हणाले होते, “आज जाव नकात, भांग असा. पाणी चलताच नाय, मासो खंयसून गावतलो?” भांग म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी असण्याचे दिवस.

कोकणात भरतीची वेळ काढायला जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा; आणि मग सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा. रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, ते या पाऊणपटीत जवळपास येतं. हिशेब मुंबईच्या पाण्याला बरा बसतो. भरती या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून मालवणात ती काहीशी आधीच येते. शिवाय मुंबईत उधाणाचं पाणी जितकं चढतं-उतरतं, त्याच्या साधारण निम्मंच इकडे. त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर ओढ फारशी जाणवत नाही. अरुंद मुखातच ती जोर धरते. संगमाचं महत्त्व त्यातच आहे.

आता हाच हिशेब पहाटेला लावून बघा. मासा खातो पहाटे आणि तिन्हीसांजेला. पण पहाटे सहाला भरलेलं पाणी मिळतं ते अष्टमीच्या आसपास, म्हणजे ऐन भांगात, पाण्यात जोर नसताना. आणि उधाणाच्या दिवसांत भरती मध्यान्हीच्या आधी येते, ऊन टाळूवर असताना. पहाट आणि सांज दोन्ही ओहोटीच्या तळाशी. उत्तम वेळ आणि उत्तम पाणी या किनाऱ्यावर एका दिवशी येतच नाहीत. मधले दिवस निवडावे लागतात: एकादशी-द्वादशीला पहाटे पाणी जोरात भरत असतं, आणि चतुर्थीला पहाटे ते ओढीनं उतरत असतं.

बाकीच्या जागा थोडक्यात. निवतीकडचे कातळ तांबोशीला आणि गोबऱ्याला चांगले. पण कातळावर चढण्याआधी वीसेक लाटा नुसत्या मोजाव्यात. दगड कोरडा दिसतो म्हणून लाट तिथे पोचत नाही असं नव्हे, आणि कालवांच्या धारेवर पडलेला माणूस सुट्टी विसरतो. जेटी रात्री बरी: दिव्याखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे टोळ आणि म्हाकूल. होडी करायची तर सकाळीच. मतलई वारा वाहत असतो तोवर समुद्र ताटासारखा पडलेला असतो. दुपारी खारा वारा सुटला की सुरमईची स्वप्नं बघणारे निम्मे लोक होडीच्या काठावरून खाली बघत बसतात. जून-जुलैत हा प्रश्नच नाही, यांत्रिक होड्यांना बंदी असते.

एक जागा मात्र सोडावी, कितीही मोह झाला तरी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा किल्ल्याच्या आसपासचा. खाली प्रवाळ आहेत. या अभयारण्याशी इथल्या मच्छीमारांचं जुनं भांडण आहे आणि त्याला कारणं आहेत. त्यांची चूल त्या पाण्यावर पेटते. आपली चूल तिथे पेटत नाही, तेव्हा आपल्याला भांडणही नाही आणि गरीही नाही. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, जागेचंही तसंच. वाळूवर दोर पडलेले दिसले, माणसं दोन्ही टोकांना उभी दिसली, की तंगूस गुंडाळून दोराला हात लावावा. ओढणाऱ्याच्या वाट्याला चार पेडवे येतातच, आणि ते बहुधा आपल्या गरीच्या कमाईपेक्षा जास्त भरतात.

हा तिथींचा हिशेब मी कागदावर मांडून यजमानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि हसू लागले. मला कारण कळेना. मग लक्षात आलं. पहाटेच्या पाण्याचे उत्तम दिवस निघाले होते ते एकादशीच्या आजूबाजूचे आणि चतुर्थीचे; म्हणजे एकीकडे एकादशी, दुसरीकडे विनायकी नाहीतर संकष्टी. ज्या दिवशी मासा हमखास गावतो, त्या दिवशी निम्म्या गावाच्या घरात तो शिजत नाही.

“मग तुम्ही काय करता काका?”

“करतलंव काय? मासो धरूचो संकष्टीक, खावचो पंचमीक,” ते म्हणाले. “फ्रीज कित्याक हाडलो मगे?”