सीटमध्ये मुरलेला पावसाळा
पावसाळा सरला, तरी गाडीतला कुबट वास जाईना. दुकानदार 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा व्हॅक्यूम गळ्यात मारत होता. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटातून जेमतेम 120 वॅट मिळतात; बिस्किटांचा चुरा निघेल, सीटमध्ये मुरलेला चहा नाही. त्याला पाणी फवारून लगेच ओढून घेणारं, घरच्या विजेवर चालणारं यंत्रच हवं. मळक्या पाण्याची टाकी वेगळी असते. ती रिकामी करताना वाटतं, यात आपण पाहुण्यांना बसवत होतो! एकदा फवारायचं, दोन-तीनदा नुसतं ओढायचं, तेही सावकाश. फोम चिंब झाला की बुरशी आलीच. शिवाय अनेक गाड्यांत सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. शॅम्पू थोडाच घ्या, आणि दारं उघडी ठेवून सीट पूर्ण वाळू द्या.