पाव इंच माया

आमच्या घरी रात्री सुया मोजल्याशिवाय दिवा बंद होत नाही. एकूण बारा. मोजायचं काम धाकट्याचं, आणि तो ते इतक्या गंभीरपणे करतो की मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरुवात होते. आता तो सहा वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना चटईखाली राहून गेलेली एक सुई त्याच्या टाचेत शिरली आणि आत मोडली. साताऱ्याला नेऊन एक्स-रे काढला, छोटी शस्त्रक्रिया झाली, अर्ध्या इंचाचा तुकडा निघाला. घरी आल्यावर मी मशीनवर चादर टाकली ती तीन महिने उचलली नाही. चादर काढली त्या रात्री सासूबाईंनी पिठाच्या जुन्या डब्याच्या झाकणावर बारा सुया मांडल्या आणि त्याला म्हणाल्या, "आजपासून ह्या तुझ्या. एक जरी कमी भरली तरी आपण सगळे शोधायला बसायचं."

मी वाईत राहते आणि बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, कुंच्या आणि मुख्य म्हणजे दुपटी. माझी दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. हे दोन्ही ऐकलं की लोक म्हणतात, "किती छान, घरबसल्या काम आणि मुलं डोळ्यांसमोर." मुलं डोळ्यांसमोर असतात हे खरं. पण मशीन चालताना डोळे सुईवर ठेवावे लागतात, हेही तितकंच खरं.

घरी शिकवायचं असं काही आधीपासून ठरलेलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली छोट्या गटात होती. मोबाइलच्या चौकटीत ती दहा मिनिटंही बसेना. पण फोन बाजूला ठेवला की दिवसभर काही ना काही विचारत राहायची. शाळा पुन्हा उघडल्या तोवर ती वाचायला लागली होती, आणि आम्ही 'अजून एक वर्ष बघू' असं म्हणालो. ते वर्ष अजून चालूच आहे. कायद्याचं विचाराल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. तसं न करणाऱ्याला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. पुढे शाळेत जावंसं वाटलं तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा, हेही त्याच कायद्यात आहे. आणि १४ वर्षं पूर्ण झाली की मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते. हे सगळं वाचून काढल्यावरच माझ्या यजमानांना नीट झोप लागली. पुस्तकांचा प्रश्न बालभारतीने सोडवला. सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि 'किशोर' मासिकाच्या जुन्या अंकांचा आम्ही फडशा पाडतो.

सुरुवातीला मी वेळापत्रक केलं होतं. सात ते नऊ स्वयंपाक, नऊ ते अकरा अभ्यास, अकरा ते एक मशीन, असं ओळीने. एकाला एक लागून, मध्ये फट म्हणून नाही. भिंतीवर ते फार देखणं दिसायचं. पाळलं गेलं चार दिवस. पाचव्या दिवशी थोरलीने विचारलं, "सुई खाली जाते आणि तशीच वर येते. मग टाका पडतो कसा? हातशिलाईत तर सुई पलीकडून काढावी लागते."

बावीस वर्षं मशीन चालवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मशीन सासूबाईंचं, काळं, पायाचं. मी वरची पट्टी सरकवली, पट्टा काढला आणि चाक हाताने हळूहळू फिरवायला सांगितलं. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली की दोऱ्याचा एक इवलासा फुगा तयार होतो. शटलचं टोक नेमकं त्याच क्षणी येतं, तो फुगा पकडतं आणि बॉबिनच्या अंगावरून पलीकडे नेतं. खालचा दोरा असा वरच्यात अडकतो. तिने वर पांढरा आणि बॉबिनमध्ये लाल दोरा भरून घेतला, म्हणजे कुठला कुठे जातो ते कळेल. मग वरचा ताण सैल केला, मग घट्ट केला. लाल ठिपके कापडाच्या कुठल्या बाजूला उमटतात ते वहीत लिहून ठेवलं. दुपारचे चार वाजले. अकरा ते एकमध्ये शिवायची दोन झबली तशीच पडून होती, आणि ती घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस येणार होता. रात्री एकपर्यंत शिवत बसले. थकले होते, चिडलेही होते. पण ती दुपार परत दिली तर घेशील का, असं कुणी विचारलं तर आजही हात पुढे करीन.

असे दिवस दोन्हीकडे ओढतात. घाई असली की माझ्या तोंडी एकच शब्द, 'नंतर'. एकदा धाकट्याने शिंप्याच्या खडूने चिंधीवर अक्षरं काढून मला दाखवायला आणली. त्याला कागदावर लिहायचा कंटाळा, पण कापडावरचा खडू आवडतो. मग त्याच रेघेवरून मी त्याला धावदोरा घालायला देते. मी मान वर न करता म्हणाले, "नंतर बघते." तो म्हणाला, "हेच लिहिलंय." पाहिलं तर चिंधीवर खरंच 'नंतर' लिहिलं होतं. मी रोज म्हणते तो शब्द त्याने सगळ्यात आधी लिहायला शिकून घेतला होता. ती चिंधी मी मशीनच्या खणात ठेवली आहे.

शिवणातला एक शब्द मला फार आवडतो: माया. कापड कापताना शिवणीसाठी जी जास्तीची कड सोडायची ती माया. आमची आजी म्हणायची, "कापताना माया सोड, नाहीतर अंगाला बसायचं नाही." दुपट्याच्या चौकोनांना चहूबाजूंनी पाव इंच माया लागते. जोडून झाल्यावर ती आत जाते, वरून दिसत नाही.

मागच्या वर्षी एका ताईंनी त्यांच्या दिवंगत आईची सुती साडी पाठवली, तिच्या नातवासाठी दुपटं करायला. मऊसूत झालेली, लाल काठाची. दुपटं छत्तीस इंच बाय छत्तीस हवं होतं, म्हणजे बरोबर एक वार. थोरलीला मी पहिल्यांदाच कापायला बसवलं. धाकट्याला ताप होता, मी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि तिथूनच सांगितलं, "सहा-सहा इंचाचे छत्तीस चौकोन काप." तिने पट्टी लावून, खडूने आखून एकेक चौकोन इतका चोख कापला की मी बघून सुखावले. रात्री मुलं झोपल्यावर ते जोडले. कडेची माया वगळून मोजलं तर तेहेतीस इंच.

मी सहा म्हणाले ते शिवून झाल्यावरचं माप. कापायचे होते साडेसहाचे. चूक तिची नव्हती. तिने सांगितलेलं केलं होतं. माया सोडायला मीच विसरले होते. आणि ही साडी दुकानात परत मिळणारी नव्हती.

सकाळी मी तिला टेप दिली आणि विचारलं, "तीन इंच कुठे गेले?" ती बराच वेळ दुपट्याची उलटी बाजू निरखत बसली. शिवणीपाशी उभ्या राहिलेल्या त्या चिमुकल्या कडा तिने मोजल्या. एका चौकोनाच्या दोन बाजू, पाव आणि पाव मिळून अर्धा. एका ओळीत सहा चौकोन. सहा अर्धे तीन. पूर्णांक-अपूर्णांकाच्या धड्यात जे तिला महिनाभर जमत नव्हतं ते त्या शिवणीत सापडलं. ती धावत आजीकडे गेली आणि म्हणाली, "तीन इंच हरवले नाहीत, आत आहेत!"

मग काठ कामी आला. साडीचा काठ अडीच इंच रुंद होता आणि मी तो बाजूला ठेवला होता. चारही बाजूंनी त्याची पट्टी लावायची असं ठरलं, पण रुंदी तिने काढायची. आधी म्हणाली तीन इंच. वर्तमानपत्राचे कागद कापून लावून बघितले तर दोन्हीकडे मिळून सहा वाढले. मग दीड म्हणाली. पट्ट्या चिकटवून झाल्यावर आपणच ओरडली, "आई, माया!" तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: दोन इंच. दीड वर दिसणार, पाव आणि पाव आत. त्या ताईंना मी आधीच फोन करून काय झालं ते सांगितलं होतं. त्या क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आईचा काठ बाळाच्या अंगावर येईल ना? मग लावा."

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी वेळापत्रक भिंतीवरून काढलं. दिवससुद्धा मी कापल्या मापाने मोजत होते, आणि जोडताना जे खर्ची पडतं ते धरतच नव्हते. ताप, पाहुणे, वीज जाणं, 'टाका पडतो कसा', हे सगळं शिवणीत जाणारं. आता महिन्याला तीनच बाळंतविडे घेते, पूर्वी सात-आठ घ्यायचे. सकाळी मशीन उघडत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर दोन तास सासूबाई मुलांना घेऊन बसतात, तेव्हा माझं काम. त्या गोधडी घालत असतात, कडेपासून आत आत येत, आणि मुलं टाके मोजतात. धाकटा एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांच्यात हमखास घसरतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असंही वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. आमच्याकडे आजी त्रेसष्ट म्हणते, तो साठ तीन म्हणतो, आणि टाका दोघांचा एकच असतो. दोन्ही त्याला कळतात, मला तेवढं पुरे.

सात-आठावरून तीनावर आले तर पैशाचं काय, हे कुणीही विचारेल. त्याचंही उत्तर थोरलीनेच काढलं. नफा-तोट्याचं प्रकरण आलं तेव्हा मी तिला माझीच वही दिली. एका दुपट्याला कापड, अस्तर आणि दोरा मिळून ३१० रुपये. मी घेत होते ९००. ती म्हणाली, "नफा ५९०." मग विचारलं, "तुला किती तास लागतात?" मी कधी मोजले नव्हते. पुढच्या दुपट्याला तिने घड्याळ लावून मोजले: अकरा तास. भागाकार केला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तासाला ५३ रुपये आणि काही पैसे. तिने ते मोठ्याने वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात कुणीच बोललं नाही. सासूबाईंनी आयुष्यभर गावाला गोधड्या घालून दिल्या, कधी पायलीभर ज्वारीवर, कधी नुसत्या चहावर. त्या हळूच म्हणाल्या, "आता वाढव गं." दुपटं मी १,४०० ला करते. काही गिऱ्हाइकं गेली. पण महिन्याला तीन भरतात, आणि आगाऊ नोंदवून भरतात.

वाई हे विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मुलांना अडलं की आम्ही आता त्यात बघतो. मागच्या आठवड्यात 'कापूस' काढला होता. बोंडापासून सुतापर्यंत वाचून झाल्यावर धाकट्याने विचारलं, हे आजीला न वाचता कसं माहीत? आजीने लहानपणी शेतात कापूस वेचला होता, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

हल्ली बायका मला विचारतात, लहान मुलांना घरी शिकवत शिवणकाम सुरू करू का? त्यांना मी आधी एकच विचारते: दुपारचे दोन तास मुलं सांभाळायला हक्काचं माणूस आहे का? सासू, आई, नवरा, शेजारीण, कुणीही. असेल तर महिन्याला एक नग घ्या, तासांचे पैसे धरून भाव सांगा आणि रात्री सुया मोजा. नसेल तर कृपा करून दोन्ही एकदम सुरू करू नका. मशीन वर्ष-दोन वर्षं चादरीखाली राहिलं तर बिघडत नाही. अधूनमधून तेल घातलं की चालतं.