यातला अणू कुठला?

रात्री दीड वाजता स्क्रीनवरच्या एका शिखराची दोन शिखरं झाली आणि मी बाबांना फोन केला. झुरिकमध्ये हिवाळ्यात दीड म्हणजे साताऱ्यात सकाळचे सहा. बाबा उठलेले असतात. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून बारा वर्षं झाली, पण सवय गेलेली नाही.

मी सांगत सुटले. चिपवर एक रेझोनेटर आहे, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींना घुमायला दिलेली जागा. शेजारी क्यूबिट, माणसाने घडवलेला अणू. सगळं निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक शतांश अंशावर गार केलेलं. क्यूबिटचा सूर सरकवत रेझोनेटरच्या सुराशी जुळवला, की एका शिखराच्या जागी दोन दिसतात. यांना ड्रेस्ड स्टेट्स म्हणतात. प्रकाशाचा पेहराव चढवलेला अणूच म्हणा ना!

“त्यातला अणू कुठला?” बाबांनी विचारलं.

“वेगळा असा कुठलाच नाही. दोन्हींत अर्धा अणू, अर्धा प्रकाश.”

बाबा हसले. “हे आयएफटीसारखंच झालं की. दोन कॉइल सारख्या ट्यून करून फार जवळ आणल्या, की एकच स्टेशन डायलवर दोन ठिकाणी लागतं. कुठलं कुठल्या कॉइलचं, सांगता येत नाही. मग यात क्वांटम काय?”

मी गप्प. थीसिसच्या मसुद्यात या आकृतीसाठी जागा सोडून खाली ‘क्वांटम वर्तनाचा पुरावा’ असं मी आधीच लिहून ठेवलं होतं.

बाबा बरोबर होते. जोडलेल्या दोन आंदोलकांचे सूर असे फुटतातच, त्याला क्वांटम लागत नाही. फरक पुढच्या पायरीवर आहे. जेन्स आणि कमिंग्ज यांच्या १९६३ सालच्या गणितानुसार आत एका फोटॉनाएवढी ऊर्जा असताना दोन पातळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या १.४१ पट अंतर दोन फोटॉनांएवढी ऊर्जा असताना. वर्गमुळाचा हिशेब. कॉइलींचं अंतर मात्र सिग्नल कितीही वाढवला तरी तेवढंच राहतं. २००८ मध्ये याच झुरिकमध्ये एका गटाने ही वरची पायरी मोजून दाखवली होती. मी तो पेपर वाचला होता. तरी घाई केली.

मी ते वाक्य खोडलं.

दुसरी पायरी दिसायला तीन आठवडे लागले. उत्तर १.३९ आलं, त्रुटीच्या मर्यादेत. बाबांना फोन करून आकडा सांगितला.

“हां,” ते म्हणाले, “आता लिही.”