बेगमी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसली, त्याचे श्रेय चिटणीस या नात्याने मी बरेच दिवस मिरवत होतो. 'आता पापड-कुरडया वाळवायच्या कुठे?' हा बायकांचा आक्षेपही मी मोठ्या शिताफीने परतवला होता. दहा किलोवॉटची पॅनेल, चांगल्या उन्हाच्या दिवशी चाळीसेक युनिट वीज. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांची काळजी मिटली, असे मी भेटेल त्याला सांगत असे. आणि वैशाखातल्या एका दुपारी मीच लिफ्टमध्ये अडकलो. बाहेरची वीज गेली होती. डोक्यावर ऊन रणरणत होते आणि मी काळोखात घाम पुसत उभा होतो!

सुटका झाल्यावर कारण कळले. बॅटरी न जोडलेले आमच्यासारखे सोलर बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडते. तशी व्यवस्थाच असते. नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या गच्चीवरून शॉक बसायचा. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, माझ्या समजुतीचा होता. "परसात भाजी उदंड आणि फडताळ रिकामं, अशी तुमची तऱ्हा!" आई म्हणाली, आणि घरात हशा पिकला.

हे हसू आषाढात मावळले. आईला न्यूमोनिया झाला. इस्पितळातून घरी आणल्यावरही प्राणवायूचे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचे होते. अशात एका पावसाळी रात्री, बाराच्या सुमारास, वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, पण बॅटरी जुनी. मी दादाला फोन लावला. दादा माझा थोरला भाऊ; त्याची सारी नोकरी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात गेली. त्याने मला घाबरायलाही सवड दिली नाही.

"बॅटरीवर काय लिहिलंय? बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तास? म्हणजे कागदावर पावणेदोन युनिट. यंत्र तीनशे वॉटचं. जुनी बॅटरी आहे, चार तास धर. पंखे, दिवे सगळे बंद कर."

हिने टॉर्च उशाशी ठेवला. आईच्या श्वासाकडे आणि घड्याळाकडे मी आळीपाळीने पाहत राहिलो. पावणेचारला वीज आली. आईला पत्ताही नव्हता. एका युनिटची किंमत मला त्या रात्री कळली. ती बिलावर छापलेली नसते.

गणपतीला दादा आला, तेव्हा मी त्याला डिवचले, "तुझा कोळसा आता जाणार बरं का!"

"जायलाच हवा," तो शांतपणे म्हणाला. "तीस-चाळीस टक्के राख असते त्यात, आयुष्यभर पाहिलीय मी. शिवाय एका युनिटमागे जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण तो इतकी वर्षं टिकला का, ते तरी समजून घे."

त्याने एक पाठकोरा कागद घेतला. आमची गच्चीवरची टाकी दहा हजार लिटरची, उंची वीस मीटर. भरलेल्या टाकीचे सगळे पाणी खाली सोडून वीज केली तर किती होईल? "पन्नास युनिट," मी ठोकून दिले. उत्तर आले, जेमतेम अर्धे युनिट! आणि तेवढ्याच विजेला कोळसा लागतो साडेतीनशे ग्रॅम. ओंजळभर!

याचे कारण, कोळशाची साठवण निसर्गाने आधीच करून ठेवली आहे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या रानांवर पडलेले ऊन वर्ध्याच्या खोऱ्यात दडपून ठेवले आहे. हवे तेव्हा काढावे, जाळावे. ती वडिलोपार्जित ठेव, मोडली की संपली. ऊन-वारा ही रोजची मिळकत. पण तिची बेगमी आपली आपण करायची. म्हणून तर २०२५ साली देशातली निम्मी वीजनिर्मिती-क्षमता कोळसा, तेल आणि वायू यांना सोडून असलेल्या मार्गांची झाली, तरी प्रत्यक्ष विजेत मोठा वाटा कोळशाचाच राहिला.

"मग मोठ्या प्रमाणावर साठवायचं कसं?" मी विचारले. दादाने घाटघरचे नाव घेतले. कोयनेचे धरण चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवते, पण वीज करून खाली गेलेले पाणी परत येत नाही. घाटघरला ते परत येते. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव, खाली शहापूरच्या बाजूला दुसरा. मागणी कमी असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी घरोघर दिवे लागले की खाली सोडायचे. २००८ साली सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २५० मेगावॉट.

"पण फुकट काही नाही," दादा म्हणाला. "अशा योजनेत शंभर युनिट घातलीस तर पंचाहत्तर-ऐंशी हाती येतात."

"म्हणजे वीस-पंचवीस पाण्यातच गेली की!" मी म्हणालो.

इतका वेळ खाटेवर पडून ऐकत असलेली आई म्हणाली, "अरे, लोणी कढवलं की तूप कमीच भरतं. पण लोणी चार दिवसांत खवट होतं, तूप टिकतं."

दिवाळीनंतरच्या सभेत मी बॅटरीचा ठराव मांडणार आहे. रक्कम ऐकून मंडळी कुरकुर करतील. मी हिशेबाचा कागद घेऊन जाणार आहेच. पण आधी आषाढातली ती रात्र सांगेन.