वाढता बेत

व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून हिंदुस्थानात जाहीर झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. तिच्या कापडाचा एक तुकडा आमच्या आईने पेटीत जपला होता. धाकट्या भाचीस त्याचे पोलके शिवावे, असे आम्ही मनात घेतले. थोरलीचा चौतीस छातीचा कागदी बेत घरात होताच; धाकटीची छाती बत्तीस. दोन इंचांची चौथाई अर्धा इंच, म्हणून बेताच्या सर्व कडा आम्ही अर्धा अर्धा इंच कातरल्या व त्याबरहुकूम कापड कापले. छाती बसली, गळा मात्र खांद्यावरून ओघळू लागला!

इतवारीतील शिंपी हसला नाही, हे त्याचे सौजन्य. "काकाजी, काठ कापला की कापड घटते, भोक वाढते," एवढेच तो म्हणाला. दोन मापांत बगलेस अर्धा इंच, खांद्यास जेमतेम एक सूत, गळ्यास त्याहूनही कमी. मान काही छातीच्या हिशेबाने वाढत नाही. त्याने एकाच कागदावर बत्तीसपासून चाळीसपर्यंतची मापे आखून दिली. बगलेशी रेषा ऐसपैस, गळ्याशी अगदी दाटीने.

उरलेल्या चिंध्या जोडून त्याने गळ्यास पट्टी लावली. भाची पोलके हौसेने घालते. आईस ती पट्टी आम्ही अद्याप दाखविलेली नाही.