क्वार्ट्झसाइटच्या माळावर

नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं उभयतांनीं न्यू जर्सीमधील घर भाड्यानें दिलें, मोटारघर घेतलें आणि फिरत फिरत तिसऱ्या हिवाळ्यांत ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइटच्या माळावर येऊन ठेपलों. येथें सरकारी जमिनीवर परवाना काढून १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत राहतां येतें. थंडी चुकविणारीं आमच्यासारखीं पिकलीं पानें हजारोंनीं जमतात.

वाचकांस वाटेल, केवढी ही चैन! चैन खरीच. परंतु पाणी मोजकें, आणि शौचाची टाकी भरली कीं ती आपली आपणच रिकामी करावयाची. प्रथम मैल्याची टाकी सोडावयाची, मग मोरीच्या पाण्याची. म्हणजे त्या पाण्यानें नळी धुऊन निघते. पहिल्या दिवशीं ती नळी उचलतांना आमचे हात थबकले. लहानपणीं पुण्याच्या आमच्या वाड्यांत टोपलीचे संडास होते. ते साफ करणारा मनुष्य मागल्या दारानें येई. ती पद्धत कायद्यानें बंद झाली १९९३ सालीं! त्या मनुष्याचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. विचारावें असें घरांत कोणासहि सुचलें नव्हतें.

नांवावरून आठवलें. या गांवच्या स्मशानांत हाय जॉलीची समाधि आहे. १८५६ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं आणलेल्या उंटांबरोबर तो आला, १९०२ सालीं येथेंच वारला. १९३५ सालीं त्याच्यासाठीं दगडी पिरॅमिड बांधला. शिखरावर उंट आहे. मूळ नांव हाजी अली. तें येथील लोकांच्या जिभेला वळलें नाहीं.

काल मुलाचा फोन आला, "आई, बाबा, आतां पुरे. आमच्याकडे राहावयास या." उद्यां टाकी रिकामी करावयाची आहे. मग पाहूं.