थम लागला का?

महिन्याचा माल आला की गावात एकच प्रश्न फिरतो. "थम लागला का वो?" तब्येत, पाऊसपाणी, पोरीचं सासर, हे सगळं त्यानंतर. वऱ्हाडात रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात. महायुद्धाच्या काळातला तो शब्द इथं मुक्कामाला आला आणि कायमचा राहिला. त्या कंट्रोलात, तांदळाची पोती आणि वजनकाटा यांच्यामधल्या स्टुलावर एक स्वारी बसलेली असते. सरकारी कागदावर तिचं नाव ई-पॉस. गावात ते थमचं, म्हणजे अंगठ्याचं मशीन.

दिसायला साधं आहे. विटेएवढं अंग, छोटा पडदा, आकड्यांची बटणं, पावतीची बाहेर आलेली जीभ. आणि बोटाच्या पेराएवढी एक काच. सगळा रुबाब त्या काचेचा. दुकानदार दिवसभर ती काच रुमालानं पुसत असतो, इतकी काळजी त्यानं स्वतःच्या चष्म्याचीही घेतली नसेल. पुसली नाही तर मशीनला आधीच्या माणसाच्या बोटाचा मागमूस दिसतो आणि नवा माणूस दिसत नाही.

त्याला मऊ बोटं आवडतात, हे त्याच्या सहवासात पहिल्याच दिवशी कळतं. शाळेतली पोरगी आली, बोट टेकवलं, झालं. तिच्यामागे तिची आजी उभी राहते आणि मशीनचा चेहरा बदलतो. कारण साधं आहे. काचेखालून प्रकाश येतो, कातडीचा उंचवटा काचेला चिकटतो तिथं काळी रेघ उमटते, खाचेत उजेड राहतो. रेघ कुठं संपली आणि कुठं तिला फाटा फुटला, एवढंच मशीन टिपतं. आजीच्या बोटावरचे उंचवटे वयानं सपाट झालेले, कातडी कोरडी. रेघा आहेत, पण पेन्सिलीनं लिहून खोडरबर फिरवल्यासारख्या.

आणि वऱ्हाडातलं बोट वर्षभर काय करतं ते पाहा. आषाढात खुरपं धरून निंदण. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची सोंगणी, वाळलेल्या शेंगांची टोकं सुईसारखी टोचतात. मग कापसाची वेचणी. पऱ्हाटीचं उकललेलं बोंड दुरून फुलासारखं दिसतं, पण त्याच्या पाकळ्या वाळून टणक झालेल्या असतात आणि वेचणाऱ्या बाईच्या बोटांच्या टोकांना दिवसभर ओरबाडतात. दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी खारं, अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. वरून डाव्या तळव्यावर चुना लावून उजव्या अंगठ्यानं तंबाखू मळायची सवय. एवढं सगळं करून आलेला अंगठा काचेवर ठेवला की मशीन म्हणतं, ओळख पटत नाही.

मग सुरू होतात उपाय. अंगठा पदराला पुसतात. केसांतून फिरवतात, म्हणजे तेलाचा हात लागतो. कोणी व्हॅसलीन चोळतं, कोणी ओल्या फडक्यावर बोट ठेवून मग काचेवर. "मावशे, जोरात दाब," दुकानदार सांगतो. मावशी जोर लावते. दुकानदार वरून आपलं बोट ठेवून आणखी जोर लावतो. आता खरी गोष्ट अशी की जास्त दाबलं की उंचवटे पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि काचेला नुसता काळा डाग दिसतो. हलकं टेकवलं असतं तर कदाचित चाललं असतं. पण हे सांगणार कोण? मशीनला ठाऊक असतं, ते बोलत नाही.

हा त्याचा सगळ्यात मोठा दोष, आणि माझा राग यावरच आहे. त्याला नकार देता येतो, कारण सांगता येत नाही. बोट कोरडं आहे, ओलं आहे, वाकडं ठेवलंय, की काच मळलीय, काही नाही. आधारच्या पडताळणीत बोट जुळलं नाही तर खूण येते ३००. माणसानंच आपले ठसे कुलूपबंद करून ठेवले असतील तर ३३०. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि हा आकडा. रांगेतल्या बाईच्या हाती पडतो तो शेवटी दुकानदाराचा तर्जुमा, "येत नाई, उद्या ये." आणि उद्या म्हणजे एका दिवसाची मजुरी.

अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. दार उघडता येईना, शेगडीचं बटण चुकलं, की माणूस स्वतःला वेंधळा समजतो. चूक बहुतेक वेळा वस्तूच्या घडणीत असते, असं त्यांचं म्हणणं. मला ते कंट्रोलातल्या रांगेत पटलं. तीनदा नकार आला की बाई मशीनकडे बघत नाही, आपल्या हाताकडे बघते. "माहा आंगठाच खराब झाला राजा." ज्या हातानं जन्मभर काम केलं, त्या हाताची तिला चारचौघांत लाज वाटते.

याच्याआधी शाईचा पॅड होता. 'निशाणी डावा अंगठा' असं लिहून ठसा घ्यायचे. त्या पॅडनं कधी कोणाला नाकारलं नाही, हा त्याचा मोठेपणा आणि तोच त्याचा घोटाळा. गेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचललं जायचं, वहीत अंगठे कोणाचेही उमटायचे. ते बंद व्हावं म्हणून २०१७ च्या सुमारास राज्यात ही मशीनं दुकानोदुकानी आली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. आता पावती निघते, त्यावर किलो छापलेले असतात. प्राधान्य गटाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, हा हक्क वाचून दाखवायला घरात चौथीतलं पोरगं असलं तरी पुरतं.

त्याचं कूळ पाहिलं तर ते आपल्याच देशातलं आहे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर सगळ्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा हात होता. २०१० च्या २९ सप्टेंबरला नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. म्हणजे खानदान मोठं आहे. पण पूर्वज कागदावर ठसा घेऊन तो जपून ठेवत, याला जागच्या जागी उत्तर हवं असतं.

आणि उत्तर देण्याची अक्कल त्याच्यापाशी नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते नुसतं निरोप्या आहे. बोटाचं टिपण बांधून ते पाठवतं बेंगळुरूला नाहीतर मानेसरला, जिथं आधारची भांडारं आहेत. तिथून हो किंवा नाही येतं. दर्यापूरच्या बाईचा अंगठा शेकडो कोस जाऊन येतो आणि मग तिच्या पिशवीत तांदूळ पडतो. त्यात महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांनाच घाई. मग सर्व्हर डाऊन. अशा वेळी मशीनचा पडदा गोल गोल फिरत राहतो आणि रांग भिंतीच्या सावलीला सरकते.

मेळघाटात तर त्याचा पार नूर उतरतो. धारणी, चिखलदऱ्याच्या डोंगरात रेंज कुठं असते, कुठं नसते. मशीन दुकानात बसून नुसतं आभाळाकडे तोंड करून राहतं. शेवटी दुकानदार त्याला कडेवर घेतल्यासारखं उचलून रेंज येते त्या टेकाडावर नेतो आणि मागोमाग कोरकू बायामाणसं चालतात. धान्य खाली, अंगठे वर. पडद्यावरची भाषा इंग्रजी, दुकानदाराची मराठी, रांगेची कोरकू.

पण दूरदेशी त्याचा आधार वाटतो. कामासाठी पुण्याकडे गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानातलं मशीन ओळखतं. शाईच्या पॅडला हे कधीच जमलं नसतं. परक्या शहरात, जिथं घरमालकही नाव विचारत नाही, तिथं एक मशीन आपल्याला नावानिशी ओळखतं, याचं कौतुक करणारी माणसं मी पाहिली आहेत.

मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाचे तेव्हाचे प्रमुख अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, सरकारी सेवांमधली पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. आकडा ऐकायला बरा वाटतो. रांगेत उभं राहिलं की उरलेले बारा टक्के दिसतात. ते बहुधा म्हातारे असतात, मजूर असतात.

आता धाकटा भाऊ आला आहे, फोर जी वाला. त्याला डोळाही वाचता येतो. बुबुळावरच्या नक्षीला खुरप्याचे घट्टे पडत नाहीत, बोंड टोचत नाही. हे कोणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हाताऱ्या बाया डोळे मोठे करून त्याच्यापुढे उभ्या राहतात, फोटो काढताना राहतात तशा ताठ.

आणि एक गोष्ट जुन्या मशीनला पहिल्यापासून येत होती, पण पडद्यावर ती कुठं ठळक लिहिलेली नव्हती. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात. त्यामुळे अंगठाच हवा असं नाही, कोणतंही बोट चालतं. गावानं हे स्वतःच शोधून काढलं, एकेक बोट ठेवून.

वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीच्या तासात बायांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात, टोचू नये म्हणून. एकीच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला मात्र जरा जास्तच जाड चिंधी होती. त्या बोटानं ती बोंडाला हातही लावत नव्हती, चार बोटांनी वेचत होती. जखम झाली का, असं विचारलं.

"नाई वो," ती म्हणाली, "हे कंट्रोलचं बोट हाय."